टर्बो इंजिनचं ट्यूनिंग: आधी पेट्रोल, मग ठिणगी

लॅपटॉप जोडला, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर उघडलं, समोर आकड्यांनी भरलेले दोन मोठे तक्ते आले, की नव्या माणसाचा हात आधी इग्निशनच्या तक्त्याकडे वळतो. दोन अंश ॲडव्हान्स वाढवला, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडली, की गाडी जोरात पळते, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खोटंही नाही. पण टर्बो इंजिनात टायमिंगला सगळ्यात शेवटी हात लावायचा. त्याआधी पेट्रोल बसवायचं, आणि त्याच्याही आधी पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा खरा आहे का ते पाहायचं. मी आजवर पाहिलेली फुटकी पिस्टनं बहुतेक वेळा चुकीच्या टायमिंगमुळे फुटली नव्हती. आकडा खोटा होता आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवला होता.

या लेखात गृहीत धरलंय, की ईसीयू प्रोग्रॅम करता येणारा आहे, इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये फवारतात, आणि टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल आहे.

सिलिंडरमध्ये काय चालतं

ठिणगी पडल्यावर मिश्रणाचा स्फोट होत नाही, ते जळतं. ज्योत प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरते आणि त्याला वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोहोचून साधारण १५ अंश खाली आलेलं असताना आतला दाब सर्वाधिक झाला, तर क्रँकला सर्वात चांगला रेटा मिळतो. तो दाब त्या जागी यावा म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधीच पाडावी लागते. किती आधी, तेच आपलं टायमिंग. ६००० आरपीएमला क्रँकचा एक अंश सेकंदाच्या सुमारे २८ दशलक्षांश भागात उरकतो. यावरून एका अंशाची चूक किती बारीक असते आणि तरी किती महाग पडते, ते समजेल.

टर्बो हवा कोंबतो, म्हणजे बूस्ट देतो, तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलतात. मिश्रण दाट झाल्याने ते लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा पडली तरी भागतं. आणि दाबलेली हवा तापलेली असते. ज्योत पोहोचायच्या आधीच दूरच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतं. हेच नॉकिंग. आवाज त्रासदायक असतोच, पण खरं नुकसान वेगळं आहे. पिस्टनच्या आणि हेडच्या पृष्ठभागाला चिकटून असलेला वायूचा पातळ थर धातूला ज्योतीच्या उष्णतेपासून वाचवत असतो, आणि नॉकिंगच्या दाबलहरी नेमका तोच थर उडवून लावतात. मग धातू झपाट्याने तापतो, रिंगांच्या मधल्या कडा तुटतात, हेड गास्केट जातं.

प्री-इग्निशन ही वेगळी गोष्ट आहे. त्यात ठिणगी पडायच्या आधीच एखादा लाल झालेला प्लग किंवा कार्बनचा कण मिश्रण पेटवतो. टायमिंग मागे घेऊन ते थांबत नाही. तिथे उपाय एकच: ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कारण शोधायचं.

लॅपटॉपच्या आधी पाना

सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक सिलिंडर मागे असेल तर ट्यूनिंग तिथेच थांबवा. इनटेकच्या पाइपांमध्ये हवा भरून गळती शोधा. प्लग मूळ इंजिनापेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. बूस्टमध्ये दाट मिश्रणातून ठिणगीला उडी मारणं जड जातं. गॅप मोठा असेल तर ती विझते, आणि तुम्ही पेट्रोलच्या तक्त्यात दोष शोधत बसता.

इंजेक्टर पुरतील का, हे कागदावर काढता येतं. १५० किलोवॅट, म्हणजे साधारण २०० हॉर्सपॉवरचं लक्ष्य आहे असं धरू. पूर्ण बूस्टमध्ये रिच (जास्त पेट्रोलवर) चालणारं टर्बो इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे ३६० ग्रॅम पेट्रोल खातं. म्हणजे तासाला ५४ किलो, मिनिटाला ९०० ग्रॅम. चार इंजेक्टरांत वाटल्यावर प्रत्येकी २२५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३०० सीसी. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो. ८५ टक्क्यांवर हद्द आखली, तर मिनिटाला ३६० सीसीच्या आसपासचे इंजेक्टर लागतील. त्याहून लहान असतील तर लक्ष्य कमी करा किंवा इंजेक्टर बदला, तिसरा मार्ग नाही.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असली पाहिजे. बेस प्रेशर ३ बार असेल आणि बूस्ट १ बार आला, तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधलं प्रेशर ४ बार व्हायला हवं. तेव्हाच इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला फरक ३ बार राहतो. पंप दमला की हा फरक ऐन बूस्टमध्ये कमी होतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. म्हणून रेलवर प्रेशर सेन्सर बसवून तो लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) घ्या. एवढ्या छोट्या खर्चात इतकं मोठं संरक्षण दुसरं कुठलंच मिळत नाही.

आकडे खरे आहेत का

मॅनिफोल्ड प्रेशरचा सेन्सर पूर्ण दाब मोजतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत तो समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या जवळ दाखवेल, उंचावर कमी. गेजवर १ बार बूस्ट म्हणजे या सेन्सरवर २०० किलोपास्कल. टर्बो नसलेल्या इंजिनचा मूळ सेन्सर तसाच ठेवला असेल, तर तो १०० च्या थोडा वर गेला की थांबतो आणि ईसीयूला बूस्ट दिसतच नाही. २५० किंवा ३०० किलोपास्कलपर्यंत मोजणारा सेन्सर घ्या.

लॅम्डासाठी, म्हणजे मिश्रण किती रिच वा लीन ते मोजायला, एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सरच हवा. गाडीतला जुना नॅरोबँड सेन्सर मिश्रण रिच आहे की लीन, एवढंच सांगतो. किती, ते सांगत नाही. वाइडबँड टर्बोच्या पुढे, टेलपाइपच्या बाजूला बसवा. टर्बोच्या मागे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असल्याने तिथलं रीडिंग बिघडतं. सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर तिरका ठेवा, म्हणजे पाइपातलं पाणी त्यात साचणार नाही.

हा सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. पेट्रोल किती आहे, हे त्याला ठाऊक नसतं. सेन्सरच्या अलीकडे गास्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग लीन दिसतं. एखाद्या सिलिंडरने मिसफायर केलं तरी न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि रीडिंग पुन्हा लीनच. एकदा मी अख्खी संध्याकाळ पेट्रोल वाढवत बसलो होतो. रीडिंग हलायला तयार नाही आणि प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. डाउनपाइपच्या जोडाला केसाएवढी फट होती. तेव्हापासून एक्झॉस्टची गळती तपासल्याशिवाय मी लॅम्डावर एकही दुरुस्ती करत नाही.

आता टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी पडते त्याच क्षणी चमकणारा दिवा. ही पायरी लोक सर्वात जास्त टाळतात आणि माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची आहे. ईसीयू २० अंश म्हणतो तेव्हा ठिणगी खरोखर २० अंशांवर पडते का, हे त्याला स्वतःला कळत नाही. त्याला ट्रिगर व्हील (क्रँकची जागा दाखवणारं दातेरी चाक) जिथे आहे असं सांगितलंय, त्यावरून तो मोजतो. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा, लाइट पुलीवर धरा आणि खूण १० वर येईपर्यंत ट्रिगरचा ऑफसेट बदला. पुलीला रबरी डॅम्पर असेल तर बाहेरची कडी कधीकधी सरकलेली असते आणि खूणच चुकीची ठरते. अशा वेळी प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी काढा. लाइट साधा घ्या. डायल असलेला लाइट वेस्टेड स्पार्कच्या (एका चक्रात दोनदा ठिणगी पाडणाऱ्या) इग्निशनवर दुप्पट ठिणग्या मोजून फसवतो.

आयडलला खूण बरोबर आली म्हणजे काम झालं असं नाही. टायमिंग लॉक ठेवूनच इंजिन ४००० आरपीएमला न्या. खूण जागेवर राहिली पाहिजे. ती सरकत असेल तर सेन्सरच्या सिग्नलची कडा उलटी निवडलेली असेल किंवा विलंबाची दुरुस्ती चुकली असेल. हे सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आयडलला दोन अंशांची वाटणारी चूक वरच्या आरपीएमला आठ अंशांची होऊ शकते.

पेट्रोल बसवणं

लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनासाठी लागणारं प्रमाण. शुद्ध पेट्रोलला ते १४.७ आहे, १० टक्के इथेनॉल मिसळलं की १४.१ च्या आसपास येतं. म्हणून १४.७ आणि ११.८ असे आकडे सोडा आणि लॅम्डातच विचार करायची सवय लावा; इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ चा अर्थ बदलत नाही.

आयडलला आणि हलक्या लोडवर लक्ष्य १.० ठेवा. १०० किलोपास्कलला पूर्ण थ्रॉटलवर ०.८८, १५० ला ०.८२ आणि २०० ला ०.७८ ते ०.८०. बूस्टमध्ये इतकं रिच कशाला? जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं. वाफ होताना ते मिश्रणातली उष्णता शोषतं आणि नॉकिंग लांबवतं. पण ०.७५ च्या खाली जाऊन फारसं काही मिळत नाही. उलट सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं.

पहिली फेरी मारण्याआधी सुरक्षेच्या मर्यादा भरून घ्या. बूस्ट लक्ष्यापेक्षा २० किलोपास्कल वर गेला तर कट, रेलचा प्रेशर-फरक पडला तर कट, आणि १५० किलोपास्कलच्या वर लॅम्डा काही दशांश सेकंद लीन राहिला तर कट. वेस्टगेटला, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला, नुसत्या स्प्रिंगवर चालू द्या, बूस्ट कंट्रोलर बंद. लॅम्डाची आपोआप होणारी दुरुस्तीही बंद ठेवा, नाहीतर तक्त्यातली चूक ती झाकत राहील. इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे विजेचा पल्स आल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ, बॅटरीच्या व्होल्टेजनुसार भरा. तो चुकला तर हेडलाइट लावल्यावर आयडल बदलतो.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तक्त्याच्या एका चौकटीत, म्हणजे एका ठरावीक आरपीएम आणि दाबावर, काही सेकंद स्थिर थांबा, लॅम्डा वाचा आणि हिशेब करा: नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले लक्ष्य. चौकटीत ९२ आहे, लक्ष्य ०.८०, मिळाला ०.८६, तर ९२ गुणिले ०.८६ भागिले ०.८०, म्हणजे ९९ च्या जवळ. अंदाजाने थोडं-थोडं वाढवत बसण्याची गरज नाही. फक्त कमी आरपीएमला वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ घेतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर हलत असतानाचे आकडे धरू नका.

वर चढताना एक नियम मी कधीच मोडत नाही. ज्या चौकटीत अजून गेलो नाही, ती शेजारच्या दुरुस्त केलेल्या चौकटींचा कल पाहून आधीच भरायची आणि वर ५ ते १० टक्के जास्त पेट्रोल ठेवायचं. तिथे पोहोचल्यावर मिश्रण रिच निघालं तर कमी करता येतं. लीन निघालं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. तक्ता पूर्ण झाल्यावर त्याचा पृष्ठभाग नजरेने पाहा. तो टेकडीच्या उतारासारखा सलग हवा. मधेच खड्डा किंवा सुळका असेल तर तो बहुधा इंजिनाचा गुण नसून मापातली चूक असते.

इंजेक्टरच्या ड्यूटीवर, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा आहे यावर, लक्ष असू द्या. ६००० आरपीएमला एक चक्र २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे ८५ टक्क्यांची हद्द १७ मिलिसेकंदांवर येते.

आता टायमिंग

सुरुवातीचा तक्ता जाणूनबुजून मागे ठेवलेला असावा. ९ च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या, चार व्हॉल्व्हच्या इंजिनाला १०० किलोपास्कलला टॉर्कच्या शिखराजवळ २२ अंश धरले, तर त्यावर दर ७ किलोपास्कल बूस्टला एक अंश मागे घ्या. २०० किलोपास्कलला तुम्ही ८ अंशांवर याल. टॉर्क जिथे सर्वाधिक तिथे सिलिंडर सर्वाधिक भरतो, म्हणून तिथे ॲडव्हान्स सर्वात कमी. त्यापुढे आरपीएम वाढेल तसा हळूहळू वाढवत न्या. हलक्या लोडवर, क्रूझिंगला, मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, तिथे ३० ते ३५ अंश बिनधास्त चालतात.

मागे ठेवणं म्हणजे कितीही मागे ठेवणं नव्हे. ठिणगी फार उशिरा पडली तर मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं, एक्झॉस्टचं तापमान वर जातं, मॅनिफोल्ड लाल होतो आणि टर्बाइन भाजतं. एक्झॉस्टचं तापमान ९५० अंश सेल्सियसच्या जवळ आलं की थांबा. या सुरुवातीच्या तक्त्यावर लांबलचक फेऱ्या मारू नका.

हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, करा. डायनो नसेल तर बंद ट्रॅकवर, दुसरा माणूस गाडी चालवत असताना. रहदारीच्या रस्त्यावर कधीच नाही.

नॉकिंग ऐकण्याची सोय आधी करा. सिलिंडरच्या व्यासावरून त्याची वारंवारता काढता येते: १८०० भागिले (π गुणिले मिलिमीटरमधला व्यास), उत्तर किलोहर्ट्झमध्ये. ८६ मिलिमीटरच्या बोअरला ते सुमारे ६.७ येतं. नॉक सेन्सरचा फिल्टर त्याच्या आसपास लावा. आणि त्या सेन्सरचा आवाज ऐकवणारे हेडफोन घाला. फुल थ्रॉटलला, बंद खिडक्यांमागे, साध्या कानाला नॉकिंग ऐकू येईल तोवर बराच उशीर झालेला असतो. सेन्सरचा आधारभूत आवाज इंजिन सुरक्षित टायमिंगवर असतानाच नोंदवून ठेवा, कारण आरपीएम वाढला की व्हॉल्व्हांचा खडखडाटही वाढतो.

मग एक-एक अंश पुढे सरका आणि प्रत्येक वेळी टॉर्क लिहून ठेवा. सुरुवातीला टॉर्क भरघोस वाढेल, मग वाढ आटत जाईल. समजा ८ वरून १० वर गेल्यावर ९ न्यूटन-मीटर मिळाले, १० वरून १२ वर ४ मिळाले आणि १३ ला जेमतेम १. तर १२ वर थांबा. ट्यूनर लोक ज्याला एमबीटी म्हणतात, म्हणजे पूर्ण टॉर्क देणारा कमीत कमी ॲडव्हान्स, त्याच्या जवळ टॉर्कचा आलेख सपाट असतो. तिथे एक-दोन अंश मागे राहिलात तर सीटला काही जाणवत नाही, पण पिस्टनवरचा दाब बराच उतरतो. नवे लोक नॉकिंग ऐकू येईपर्यंत पुढे जातात आणि एक अंश मागे येतात. ही पद्धत मला मान्य नाही. टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं, नॉकिंगची वाट पाहायची नाही.

बूस्ट जास्त आणि पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल, तर एमबीटी येण्याआधीच नॉकिंग येईल. तेव्हा ते जिथे सुरू होतं तिथून २ ते ३ अंश मागे या. हे अंतर उकाड्यासाठी, चढासाठी आणि कधीतरी टाकीत पडणाऱ्या हलक्या पेट्रोलसाठी राखलेलं असतं. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई, आणि त्याची टाकी मालकाने भरत राहायची असे. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कापायची. मालक काहीतरी विसरला की संपणारी सुरक्षा मला पटत नाही. ती तक्त्यातच हवी.

नॉकिंग दिसलंच तर ॲक्सिलरेटर सोडा आणि लॉग उघडा. आधी लॅम्डा पाहा, मग प्रेशर-फरक, मग हवेचं तापमान. तिन्ही ठीक असतील तरच टायमिंग दोषी. त्या चौकटीतून आणि तिच्या शेजारच्यांतून ३ अंश काढा. नुसतं पेट्रोल वाढवून नॉकिंग दाबणं म्हणजे कारण न शोधताच औषध देणं आहे.

इनटेकच्या तापमानाची वेगळी दुरुस्तीही भरा: ४५ ते ५० अंश सेल्सियसच्या पुढे दर ५ ते १० अंशांना टायमिंग १ अंश मागे. सेन्सर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला हवा. तो त्याच्या मागे असेल तर टर्बोची उष्णता मोजेल, इंजिनात जाणाऱ्या हवेची नाही.

आता बूस्ट वाढवायचा असेल, तर १५ ते २० किलोपास्कलच्या टप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा तोच क्रम: पेट्रोल, मग टायमिंग. लहान, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत २००० आरपीएमच्या खाली भरपूर बूस्ट देऊ नका. तिथे होणारं प्री-इग्निशन टायमिंगने आवरत नाही आणि एका ठोक्यात पिस्टन फोडू शकतं.

ॲक्सिलरेटर दाबतानाचं जादा पेट्रोल आणि थंड इंजिन सुरू करतानाच्या दुरुस्त्या सगळ्यात शेवटी येतात. मुख्य तक्ता बरोबर असेल तर तिथे फारसं करावं लागत नाही. थंड इंजिनाला मात्र रात्रभर उभं ठेवावं लागतं आणि दिवसातून एकच प्रयत्न मिळतो, तेव्हा घाई करून उपयोग नाही.

सगळं जमलं असं वाटेल तेव्हा टाकी नव्या पेट्रोलने भरा, दिवसातल्या सर्वात उष्ण वेळी तीच फेरी त्याच गिअरमध्ये पुन्हा मारा आणि जुन्या लॉगवर नवा लॉग ठेवून पाहा. लॅम्डा दोन टक्क्यांच्या आत आणि नॉकची नोंद शून्य असेल, तर फाइलला तारखेचं नाव देऊन तिची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेवा. मग चारही प्लग काढून भिंगाखाली पाहा. पोर्सेलीनवर अॅल्युमिनियमचे चमकदार ठिपके दिसले, तर ते पिस्टनमधून आलेले असतात. अशा वेळी लॉग काहीही म्हणत असला तरी बूस्टमधलं टायमिंग आणखी २ अंश मागे घ्या आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा.